‘पॉश’ मुंबईच्या बोटीतून उतरलेला नाही

पॉश एरिया, पॉश सोसायटी, पॉश हॉटेल. या शब्दाच्या जन्माची एक कथा व्हॉट्सॲपवर सतत फिरत असते. इंग्लंड-मुंबई मार्गावरच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींत श्रीमंत साहेब जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन घेत, कारण तिथे ऊन कमी. तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू, स्टारबोर्ड उजवी) याची आद्याक्षरं असत, त्यातून ‘पॉश’ झालं. कथेत मुंबई आहे, म्हणून ती आपल्याला लगेच पटते. पण ती खरी नाही.

तिकिटाचंच बघा. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि कंपनीच्या जुन्या कागदपत्रांतही त्याचा पुरावा नाही.

‘डावीकडे ऊन नाही’ हे मात्र नीट तपासण्यासारखं आहे. भूमध्य समुद्रात बोट पूर्वेकडे जाते, तेव्हा डावी बाजू उत्तरेला, म्हणजे सावलीत. इथवर ठीक. सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रात शिरली की बोट दक्षिण-आग्नेयेला वळते. आता सकाळचं ऊन डावीकडे आणि दुपारनंतरचं उजवीकडे. पुढे एडनहून मुंबईकडे येताना डावी बाजू पुन्हा उत्तरेला, पण मुंबई आहे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथे भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उगवतो-मावळतोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे ऐन उकाड्यात ऊन त्याच ‘थंड’ केबिनच्या बाजूला! हिवाळ्यातल्या प्रवासाला कथा बरीचशी लागू पडते, बाकी नाही.

तारखाही जुळत नाहीत. ऐटबाज या अर्थी ‘पॉश’ १९१४ मध्ये ब्रिटिश घोडदळाच्या कपड्यांविषयी छापलेला आढळतो. १९१८ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकात एका हवाई दल अधिकाऱ्याच्या तोंडी येतो. बोटीची कथा छापील स्वरूपात दिसते ती १९३५ च्या सुमारास. शब्द सैनिकी बोलीत रुळल्यावर वीस वर्षांनी कोणीतरी अक्षरं फोडून बसवली. ‘न्यूज’मध्ये चार दिशा शोधतात तसंच हे, तो शब्द ‘न्यू’चं साधं अनेकवचन आहे. कायद्यातला ‘पॉश’ मात्र खरोखर आद्याक्षरांचा: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा, २०१३ चा. त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

मग मूळ काय? शब्दकोश ‘अनिश्चित’ म्हणतात, आणि तेच प्रामाणिक उत्तर आहे. १८९० च्या एका बोलीकोशात ‘पॉश’चे दोन अर्थ आहेत: छानछोकी करणारा माणूस, आणि चिल्लर, विशेषतः अर्धा पेनी. यातला चिल्लरीचा अर्थ रोमानीतून, म्हणजे शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतून आला. रोमानीत ‘पाश’ म्हणजे अर्धा, बाजू. मूळ संस्कृत ‘पार्श्व’. आपलं ‘पाशी’ही त्याच ‘पार्श्व’चं. चिल्लरीवरून ऐटीकडे अर्थ सरकला असेल, तर या शब्दाचं भारताशी नातं पी अँड ओच्या पहिल्या बोटीपेक्षा कितीतरी जुनं ठरेल.