कॉफी झाली म्हणून गोळी चुकवायची नसते

मावशीची दाढ पुवाने सुजली होती. डेंटिस्टने अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं होतं, 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. परवा सकाळी फोन केला तेव्हा कळलं, आदल्या दिवशीची दुपारची आणि रात्रीची गोळी तिने घेतलीच नाही. का, तर सकाळी सवयीने कॉफी झाली आणि मग भिशीच्या ग्रुपवरचा हा मेसेज वाचला:

"अँटिबायोटिक चालू असताना कॉफी घेतली तर रक्तात विष तयार होतं. लघवी जास्त होऊन औषध वाहून जातं. काळी कॉफी तर नकोच, दूध घातलं की विष मरतं. चुकून कॉफी झालीच तर त्या दिवशीच्या गोळ्या घेऊ नका."

शेवटच्या वाक्यापासूनच बोलते, कारण खरं नुकसान त्याने झालं. अमॉक्सिसिलिन अंगात फार वेळ टिकत नाही. घेतलेल्यापैकी साठेक टक्के 6 ते 8 तासांत लघवीवाटे निघून जातं, म्हणून तर ते दिवसातून तीनदा घ्यायचं. दोन गोळ्या गाळल्यावर संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत दाढेतल्या जिवाणूंना मोकळं रान मिळालं. आणि कशासाठी? अमॉक्सिसिलिनचं कॉफीशी काही वाकडं नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही नाही. असा सल्ला पुढे ढकलणाऱ्याने निदान औषधाचं नाव तरी विचारायचं होतं!

लघवीचं म्हणाल तर तो या औषधाचा नेहमीचाच रस्ता. कपभर कॉफीने त्यात काही फरक पडत नाही.

'विष' मात्र कुठून आलं असावं ते सांगते. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाच्या अँटिबायोटिकच्या बाबतीत या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते नाकारता येणार नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्य केलेल्या त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की हे औषध यकृतातल्या सीवायपी1ए2 या एन्झाइमला अडवतं. कॅफिनचा निचरा हेच एन्झाइम करतं, त्यामुळे कॅफिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. छातीत धडधड, हातांना कंप, झोप नाही, असा त्रास होऊ शकतो. पण वाढतं ते कॅफिन. नवं विष तयार होत नाही आणि औषधही निकामी होत नाही. नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा परिणाम याच जातीचा, पण सौम्य. अशा वेळी कॉफी कमी करायची, गोळी नाही. चहातही कॅफिन असतं आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही, तेही धरायचं.

आणि दूध! सगळ्यात चीड आणणारं वाक्य हेच. दुधातलं कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिनला आणि डॉक्सिसायक्लिन या आणखी एका अँटिबायोटिकला आतड्यातच धरून ठेवतं, मग औषध रक्तात कमी उतरतं. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेऊ नका, असं त्याच माहितीपत्रकात आहे. म्हणजे हा मेसेज वाचून कुणी ती गोळी पेलाभर दुधाच्या कॉफीसोबत घेतली, तर औषध कमी आणि कॅफिन जास्त, असा दोन्हीकडून तोटा. अमॉक्सिसिलिनला दूध चालतं.

मावशीने सकाळची गोळी मी फोनवर असतानाच घेतली, पाण्याबरोबर. राहिलेल्यांची भरपाई म्हणून दोन-तीन एकदम घेऊ नकोस, हे दोनदा बजावलं आणि पुढचं डेंटिस्टला विचारायला लावलं. कॉफी ती रोजच्यासारखी घेतेय.