ठिबक बसवा, पाण्याचं नंतर बघू

ठिबकचं अनुदान घ्यायचं ठरवलंय ना? मग विहिरीला पाणी किती, पीक कोणतं, नळ्या किती फुटांवर, असले किरकोळ प्रश्न आधी डोक्यातून काढा. आधी नाव बघा. सातबाऱ्यावर ‘रामचंद्र बाबुराव’, आधारवर ‘रामचंद बाबूराव’ आणि पासबुकावर नुसतंच ‘आर. बी.’ असेल, तर सरकारदरबारी तुम्ही तीन माणसं आहात आणि तिघेही अपात्र आहात.

नाव जुळलं की अंगठा. जन्मभर खुरपं-फावडं धरलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत, म्हणून यंत्र तुम्हाला ओळखत नाही. तेव्हा अनुदान हवं असणाऱ्याने निदान दोन महिने शेतात काम करू नये. ओटीपीचा मार्ग आहेच, फक्त आधारला जोडलेलं सिम पोरगा पुण्याला घेऊन गेलेला नसावा.

जमीन सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. बांधावरून भावाशी दहा वर्षं अबोला आहे? छान. सरकारला तुमच्या घरातल्या एकोप्याची काळजी आहे, म्हणून सही त्याचीच आणायची.

मग शेतकरी ओळख क्रमांक टाकून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर 23 रुपये 60 पैसे भरून अर्ज करा. पूर्वी सोडत निघायची, नंबर नाही लागला तर नशिबाला शिव्या देता यायच्या. 2025-26 पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ आलं. आता शिव्या सर्व्हरला.

निवड झाल्याचा मेसेज आला म्हणून लगेच दुकानात धावू नका. कृषी विभागाची पूर्वसंमती हाती येईपर्यंत एक नळीसुद्धा घ्यायची नाही. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या एक दिवस जरी आधीची निघाली, तर प्रस्ताव बाद. पीक तोवर वाळलं तर वाळू द्या. त्याची तारीख कुठल्याच कागदावर नसते.

आता खरी गंमत. अनुदान 80 टक्के, असं फलकावर लिहिलेलं असतं. ते अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, बाकीच्यांना 75. पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, नळ्यांच्या अंतरानुसार सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात. समजा मापदंड 1 लाख 20 हजारांचा आणि बिल 1 लाख 60 हजारांचं. अनुदान 96 हजार, म्हणजे तुमच्या खर्चाचे 60 टक्के. शिवाय मूळ अनुदान 55 टक्के आणि राज्याचं पूरक अनुदान 25 टक्के, हे दोघे सख्खे भाऊ असले तरी एकाच गाडीने येतीलच असं नाही. तोवर दुकानदाराला पूर्ण रक्कम तुम्ही द्यायची. ज्याच्याकडे एवढी रोकड आहे, त्यालाच मदतीची गरज आहे, हे तत्त्व एकदा पटलं की त्रास होत नाही.

बसवलेला संच शेतात येऊन बघायला, म्हणजे मोका तपासणीला, साहेब येतील. कृषी सहायक म्हणू नका, 2025 पासून ते ‘सहायक कृषी अधिकारी’ आहेत. पदनाम वाढलं, गावं कमी झाली नाहीत, तेव्हा थोडी वाट बघावी लागेल. फिल्टरजवळ उभं राहून फोटो काढून घ्या.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि पासबुकात काहीच दिसत नाही? घाबरू नका. अर्जाला जोडलेल्या पासबुकाला कोण विचारतो? आधारला शेवटचं जे खातं जोडलं गेलं, तिथे पैसे जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा लावून एखादं खातं उघडून दिलेलं असेल, ते आठवून बघा. कर्जखात्याच्या बँकेत गेले असतील तर आठवायचीही गरज नाही, बँकेने ते आधीच ‘होल्ड’ करून ठेवले असतील.

एवढं सगळं पार पडलं, की त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान सात वर्षं नाही. क्षार साचून ड्रिपर बुजले तर ॲसिड स्वखर्चाने सोडा. नळ्या कुरतडणाऱ्या उंदीर आणि खारींना मात्र ही सात वर्षांची अट अजून कोणी कळवलेली नाही.