एल्सा किती टनाची?

रविवारी मालवणात बर्फ आणायला गेलो आणि दहा वर्षांच्या भाच्यासमोर इज्जत वितळवून परत आलो.

मे महिना, मुंबईचे पाहुणे येऊ घातलेले, फ्रीजने ऐन वेळी मान टाकलेली, दोन सुरमया ओट्यावर. बर्फाच्या कारखान्यासमोर ही रांग! रांग म्हणजे आम्ही चौघे, हातात पिशव्या घेऊन. ट्रॉलरवाल्यांना रांग नसते. त्यांचे टेम्पो थेट आत, लाद्या क्रशरमध्ये, खळ्ळ्-खळ्ळ् चुरा, की निघाले. टनाने नेणारा तो गिऱ्हाईक, आम्ही किलोवाले म्हणजे उपद्रव. ताजी मासळी खावी तर मालवणात, असं जे म्हणतात त्यांनी एकदा या उन्हात उभं राहावं.

वेळ जावा म्हणून भाच्याने लढत लावली. "मामा, एल्सा विरुद्ध स्टॉर्म. कोण जिंकेल?"

एल्सा म्हणजे डिस्नेच्या 'फ्रोझन' सिनेमातली बर्फाची राणी, स्टॉर्म म्हणजे मार्व्हलच्या 'एक्स-मेन' कॉमिकमधली वादळवाली नायिका. या विषयात मला गती आहे. मी घसा साफ केला. एल्सा भर उन्हाळ्यात अख्खा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली समुद्राची खाडी, गोठवते, पण तेही नकळत. ठरवून मारामारी अशी तिने केली ती बर्फाच्या महालात, एका ड्यूकने, म्हणजे सरदाराने, धाडलेल्या दोन माणसांशी. एकाला बर्फाच्या सुळ्यांनी भिंतीशी खिळवलं, दुसऱ्याला ढकलत सज्जाच्या कडेपर्यंत नेलं. स्टॉर्म १९७५पासून मैदानात आहे. वारा, वीज, गारा, सगळं तिच्या हातात, आणि गारठा तर तीही आणते. तेव्हा अनुभव, पल्ला आणि—

"कितक्या टनाची?"

कारखान्यातले म्हातारे. बंडी, लुंगी, हातात लादी ओढायचा आकडा.

"कोण?"

"ही एल्सा. माझो कारखानो दिवसाक दहा टनाचो. ती कितक्या टनाची?"

"आजोबा, ती राणी आहे. हात फिरवला की बर्फ होतो."

"हात फिरवून? हंय मिठाच्या पाण्यात डबे बुडवून ठेवतंव, तरी एक लादी धरूक दिवस जाता." आकडा टेकून ते आमच्या शेजारी बसलेच. मागे टेम्पोवाला हॉर्न मारत होता, त्याच्याकडे ढुंकून नाही. "माका एक सांगा. बर्फ करूक थंडी भरूची नसता, पाण्यातली गरमी भायर काढूची असता. आमी ती थंय मागे पायपांवर पाणी मारून घालवतंव. तुमची एल्सा ती गरमी खंय टाकता?"

मी गप्प. शाळेत अप्रकट उष्म्याचे मार्क मी पाठांतरावर मिळवले होते: शून्य अंशाचं एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी सोडतं. म्हणजे बर्फ होणाऱ्या एक लीटर पाण्यातून निघालेली उष्णता तेवढंच दुसरं पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवेल. आता अख्खा फ्योर्ड धरा.

"गावातली माणसा उकडान मरतली," म्हाताऱ्यांनी निकाल दिला. "आणि बिल कोण भरता?"

"तिला लाईट लागत नाही हो!"

"लाईट नाय लागत?" त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू मीच विजेच्या तारेवर आकडा टाकलाय. "तर मगे ती वादळवाली जिकली. २०२१ची तौक्ते आठवता? कितके दिस लाईट नाय. बर्फाचा पाणी झाला. थंडीवालो कितकोय मोठो असांदे, वादळ इला की तेचो पाणी."

भाचा वहीत लिहून घेत होता. इतकी वर्षं हा विषय मी शिकवतोय त्याला, माझं एक वाक्य कधी वहीत गेलं नाही.

आता मीही काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, "टनाचं म्हणाल तर आमच्या ऑफिसातला एसी दीड टनाचा आहे, पण भिंतीवर कसा तोलून धरतो कोण जाणे."

शांतता. क्रशरसुद्धा नेमका तेव्हाच थांबला.

"टन म्हणजे तेचा वजन न्हय," म्हातारे हळू आवाजात म्हणाले. तो हळू आवाजच जास्त लागला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी एक टनाचा एसी खोलीतून बाहेर फेकतो. साडेतीन किलोवॅटच्या आसपास. एसीचा टन आला तो बर्फावरून. रांगेतल्या कोळणीलाही ते ठाऊक होतं, किंवा ती निदान तशी हसली. भाचा तर पोट धरून खाली बसला.

एवढं ज्ञान दिल्यावर म्हाताऱ्यांनी टेम्पो भरला आणि मला सांगितलं, "अर्धी लादीच उरली." पैसे मात्र सुट्टे मागितले. ती अर्धी लादी स्कूटरच्या पायाशी ठेवली. तारकर्ली रस्त्याला लागेपर्यंत डाव्या चपलेत तळं साचलेलं. आणि मागून सूर, "मामा, एसी पडत कसा नाही?"

दुपारी पाहुणे घाम पुसत म्हणाले, "इथे एसी नाही का? आमच्याकडे दोन टनाचा आहे. चांगला वजनदार, उचलायला तीन माणसं लागली!"

भाच्याने तोंड उघडलं. त्याच्या पानात मी घाईघाईने सुरमईची मधली तुकडी वाढली.