तुमच्या ऑक्सफर्डात असलं चालतं का?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या दोन पानांच्या एका झेरॉक्सवरून वाद पेटलाय. माझ्या भाच्याने यंदा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. तिथल्या काही सिनिअर पोरापोरींनी नव्याने येणाऱ्यांसाठी एक कागद तयार केलाय. कुठल्या जागेला काय म्हणतात आणि कुठल्या शब्दाचा अर्थ काय, हे त्यात आहे: घाटी (सरकारी दवाखाना), मकई गेट (शहराचा जुना दरवाजा), कॉट बेसिस (खोलीत एका कॉटपुरतं भाडं), बॅक (राहिलेला विषय), पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा). ‘विद्यापीठ गेट’पुढे मात्र दोन वाक्यं जास्त आहेत. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, इथे एवढी माणसं का येतात आणि त्या दिवशी नाक मुरडून बाजूने का जायचं नाही, हे त्यात लिहिलंय. भाच्याने कौतुकाने फोटो टाकला. त्यावर मोठ्या मामांनी लिहिलं, “शिकायला गेलात का टवाळक्या करायला? नव्या पोरांना शुद्ध बोलायला शिकवा. आणि गेटचं जुनं कशाला उकरता?” पाठोपाठ मावसभावाचा अंगठा. मग मामांनी मलाच विचारलं, “अगं, तुमच्या ऑक्सफर्डात असलं चालतं का?”

चालतं, मामा. ऑक्सफर्डात तर याच्याशिवाय पान हलत नाही.

मी इथे विद्यापीठात शिकले नाही. जेआरच्या, म्हणजे इथल्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाच्या, प्रयोगशाळेत काम करते आणि हेडिंग्टनला राहते. पण दर ऑक्टोबरात बस नव्या पोरांनी भरते आणि त्यांची बोली कानावर पडतेच. क्राइस्ट चर्च कॉलेजला ‘द हाउस’, सेंट एडमंड हॉल कॉलेजला ‘टेडी हॉल’, रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या ग्रंथालयाला ‘रॅड कॅम’. एका कॉलेजचं नाव लिहायचं मॅग्डलेन आणि म्हणायचं मॉडलिन. टेम्स नदी या गावापुरती आयसिस होते. सत्रांची नावं मायकेलमस, हिलरी आणि ट्रिनिटी, आणि आठवडे शून्यापासून मोजायचे. कॉलेजच्या बिलाला बॅटल्स म्हणतात, सत्राच्या सुरुवातीच्या परीक्षेला कलेक्शन्स, खोली झाडायला येणाऱ्या माणसाला स्काउट. नव्या मुलांच्या पुस्तिकांमध्ये या शब्दांची यादी छापून देतात. त्याला इथे परंपरा म्हणतात. भोकरदनच्या आणि आष्टीच्या पोरांनी तेच काम स्वतःच्या खिशातून झेरॉक्स काढून केलं, तर ती टवाळकी कशी झाली?

हे शब्द सगळ्यांना घरून येत नाहीत, म्हणून छापावे लागतात. ज्याचा बाप आणि आजा इथेच शिकला, तो पहिल्याच दिवशी ‘रॅड कॅम’ म्हणतो. ज्याच्या घरातलं कोणीच विद्यापीठात गेलेलं नाही ते पोर गप्प राहतं, आणि गप्प राहिलेल्या पोराला लोक मठ्ठ समजतात.

आपल्याकडे हे मी अंगाने सोसलंय. अंबड तालुक्यातून मी विद्यापीठात आले तेव्हा जागांची नावं फारशी अडली नाहीत. सोनेरी महाल, बेगमपुरा, मागच्या डोंगरातली लेणी, मिलिंद कॉलेजकडचं नागसेनवन हे पायी फिरून कळतं. रस्ता चुकला तर कोणीही सांगतं. अडले ते खिडकीवरचे शब्द. “एलिजिबिलिटी झाली का? मायग्रेशन कुठंय? गॅपचं हमीपत्र? बोनाफाइड? नॉन क्रिमीलेयर यंदाचं आहे का? व्हॅलिडिटीची पावती जोडा.” काचेच्या आतला माणूस एका दमात हे बोलून पुढच्याला बोलावतो. मागे रांग उभी असते. अर्थ विचारायची हिंमत होत नाही, मग पोर बाजूला होतं आणि फॉर्मची तारीख निघून जाते. किती पोरींचं शिक्षण या खिडकीशी थांबलं असेल! बापाला पुन्हा शंभर किलोमीटरवरून बोलवायचं, त्याची मजुरी बुडवायची, त्यापेक्षा पोरगी म्हणते, जाऊ द्या, घरीच बसते. सिनिअरांच्या कागदावर हे सगळे शब्द आहेत. कुठला दाखला तहसीलमधून काढायचा, कुठला जुन्या कॉलेजातून आणायचा, वसतिगृहात नंबर नाही लागला तर स्वाधार योजनेचा अर्ज कोणी करायचा, फ्रीशिप आणि स्कॉलरशिप यांत फरक काय, हेसुद्धा. मामा, तुम्ही पहिल्या पानाच्या वरच्या चार ओळी वाचून थांबलात. मागचं पान वाचा.

आणि शुद्ध म्हणजे कोणाचं? मी “कामून” म्हणायचे. लातूर-नांदेडकडची पोरं “येऊलालो”, “जाऊलालो” म्हणायची, बेगमपुऱ्यातली मैत्रीण “हौ” म्हणायची. पुण्याहून आलेले पाहुणे त्यावर हसायचे. म्हणून पहिलं सत्र मी वर्गात तोंडच उघडलं नाही. प्रश्न यायचे, ते वहीत लिहून ठेवायचे. इथे प्रयोगशाळेत ग्लासगोचा माणूस ग्लासगोचं इंग्रजी बोलतो, न्यूकॅसलची बाई न्यूकॅसलचं बोलते, आणि मिटिंगमध्ये कोणी त्यांना थांबवत नाही. नाही कळलं तर परत विचारतात. हे आपल्याला कधी जमणार? आपण आपल्याच पोरांना आधी भाषेची लाज शिकवतो, विषय मागाहून.

आता गेटचं. मामांना खरं तर तेच खुपलंय. बाकीची शुद्ध भाषा निमित्ताची.

बाबासाहेबांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठही नव्हतं. कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली असायची. मराठवाडा विद्यापीठ आलं 23 ऑगस्ट 1958ला. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978ला केला, आणि त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. पोचिराम कांबळेंना त्याच वर्षी मारलं. गौतम वाघमारेंनी 1993 साली नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994ला, म्हणजे ठरावानंतर सोळाव्या वर्षी. एका पाटीसाठी एवढं सोसलेलं दुसरं विद्यापीठ मला तरी माहीत नाही. त्याच्या दारातून रोज आत जाणाऱ्या पोराला दोन वाक्यांत हे सांगितलं तर ते उकरणं होतं?

इथेही नावांवरून भांडणं झाली. ऑल सोल्स कॉलेजचं ग्रंथालय कॉड्रिंग्टनच्या नावाचं होतं. त्याचा पैसा बार्बाडोसच्या मळ्यांतला, गुलामांच्या घामातला. 2020मध्ये कॉलेजने ते नाव वापरायचं सोडलं. साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा मात्र ओरिएल कॉलेजने 2021मध्ये जागेवरच ठेवायचं ठरवलं, आणि त्यावर लोक अजून चिडलेले आहेत. मोर्चे निघाले, लेख आले, सभा झाल्या. कोणाचं घर जळलं नाही. आणि नव्या मुलांना हे सांगू नका, असं मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आमच्या अण्णांनी शेवटपर्यंत ‘मराठवाडा विद्यापीठ’ असंच म्हटलं. माझ्या पदवीवर पूर्ण नाव छापलेलं होतं, तरी पाहुण्यांना ते “मराठवाडा विद्यापीठातून पास झाली” असंच सांगायचे. आमच्या घरात त्या वर्षांबद्दल कोणी बोलत नसे. आपल्या गावात 1978च्या पावसाळ्यात काय झालं, कोण कुठे होतं, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही आणि कोणी आपणहून सांगितलेलंही नाही. गेट मला दाखवलं ते वसतिगृहातल्या माझ्या रूम पार्टनरने. ती बीडकडची, घरातली पहिली शिकणारी. 14 जानेवारीला मला हाताला धरून गर्दीत घेऊन गेली. खेड्यापाड्यांतून बाया लेकरं काखेत घेऊन आल्या होत्या. गेटसमोर येऊन वाकायच्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायच्या. त्यांतल्या बहुतेकींनी आतला एकही वर्ग पाहिलेला नसणार. मी रोज त्याच गेटातून डबा हातात घेऊन घाईघाईने आत जायचे. त्या दिवसापासून मला ते विद्यापीठ माझं वाटायला लागलं. घरी मात्र कळवलं नाही.

मामा, म्हणून ती दोन वाक्यं मला एवढी लागलीत. मला ती कागदावर मिळाली नव्हती. एका मुलीने दिली, आणि दिली नसती तर मी दोन वर्षं तिथे राहून परकीच परत गेले असते.

परकेपणाबद्दल मला आता थोडंफार कळतं. हेडिंग्टनहून थॉर्नहिलला कसं जायचं, जेआरच्या कुठल्या लेव्हलला काय आहे, द प्लेनच्या चौकात सायकल कुठे जपायची, हे मी नव्या माणसाला झोपेतही सांगेन. सगळे शब्द येतात. काउन्सिल टॅक्स वेळेवर भरते, कचऱ्याचा बिन डे चुकवत नाही. तरीही पार्टीत तिसरा प्रश्न “मूळची कुठली?” हाच असतो. आणि उत्तर द्यायला जावं तर तेही आता सरळ राहिलं नाही. औरंगाबाद म्हटलं की ग्रुपवर एक जण रागावतो, छत्रपती संभाजीनगर म्हटलं की वर्गातली जुनी मैत्रीण गप्प होते. मी गेले तेव्हा कागदोपत्री एकच नाव होतं आणि आमच्यात त्याचा कोणी हिशेब ठेवत नव्हतं. तुम्ही तिथे आहात, तुम्ही भांडून का होईना, रोज त्या नावांमध्ये राहता. मला लांबून फक्त भांडण ऐकू येतं. सिनिअरांच्या कागदावर नुसतं ‘शहर’ लिहिलंय. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी कोणाला दुखवायचं नाही असं ठरवून तो शब्द निवडलाय, आणि तुम्ही त्यांना टवाळ म्हणता!

तर माझं म्हणणं एवढंच. तुम्ही मुख्याध्यापक होतात, तुमच्या हाताखालून निघालेली पोरं आजही तुमच्या पाया पडतात. आपल्या गावातून यंदा पदवी होऊन पुढे शिकायला निघालेली कितीतरी पोरं तुम्हाला ठाऊक आहेत. पुढच्या झेरॉक्सचे पैसे मी भाच्याकडे पाठवलेत. त्यातले पन्नास कागद तो दिवाळीला येताना तुमच्याकडे आणून देईल. गेटची दोन वाक्यं तशीच राहतील, ती खोडून वाटायची नाहीत. आणि मागच्या पानावर तहसीलमधल्या दाखल्यांबद्दल काही राहिलं असेल तर ते तुम्ही भरा. ते आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.