बोर्डावर "फक्त नाव" द्यायला निघालेल्या माझ्या मैत्रिणींसाठी

परवा रामबागेत एका मुंजीला बँकेतली जुनी मैत्रीण भेटली. पुढच्या महिन्यात रिटायर होतेय. म्हणाली अगं मला एका संस्थेनं बोर्डावर बोलावलंय, फार काही काम नाही, वर्षातून दोनदा मीटिंग, नाव द्यायचंय फक्त. पंगत बसत होती त्यामुळे तिथे काही बोलता आलं नाही, पण घरी आल्यापासून ते "नाव द्यायचंय फक्त" डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. लांब होईल, वेळ असेल तेव्हा वाचा.

मीसुद्धा असंच नाव दिलं होतं. बँकेत 34 वर्षं झाली, रिटायर झाले, आणि आपल्या इंदूरातच मूसाखेडीकडच्या वस्त्यांमध्ये बालवाडी आणि मुलींचे वर्ग चालवणारी एक छोटी संस्था आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही), ती चालवणाऱ्या दादांचा फोन आला, ताई तुम्ही बोर्डावर या, बँकेतलं माणूस असलं की फंडवाल्यांना बरं वाटतं. मला आनंद झाला, खरंच झाला. आपल्या मराठी माणसांना संस्था, कार्यकारिणी, अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्ष हे लहानपणापासून माहीत असतं, घरात कुणी ना कुणी गणेशोत्सवाच्या नाहीतर वाचनालयाच्या कमिटीत असतंच, त्यामुळे तो एक मान वाटतो. पहिल्या मीटिंगला पोहे-जिलबी होती, अजेंड्यावर अकरा विषय, सगळे पाऊण तासात मंजूर. दादा बोलले, आम्ही ऐकलं, सह्या केल्या, घरी आलो.

तिसऱ्या वेळी मीटिंग झालीच नाही. ऑफिसमधला मुलगा रजिस्टर घेऊन घरी आला, मिनिट्स आधीच लिहिलेले होते, माझ्या नावापुढे "उपस्थित" लिहिलेलं होतं, आणि मी सही केली. ज्या बाईनं 34 वर्षांत एक व्हाउचर न बघता पास केलं नाही तिनं न झालेल्या मीटिंगला हजर असल्याची सही केली. कारण काय, तर चांगलं काम आहे, दादा प्रामाणिक आहेत, त्यांना काय विचारायचं. दादा प्रामाणिक आहेतच, आजही माझं तेच मत आहे. पण मी विचारलं नाही ही चूक माझी होती, त्यांच्या प्रामाणिकपणाशी तिचा काही संबंध नव्हता.

त्याचे परिणाम दीड वर्षांनी दिसले. संस्थेचा जवळजवळ सगळा पैसा एका कंपनीच्या सीएसआरमधून यायचा. सीएसआरचं कसं असतं ते थोडक्यात सांगते, 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना, म्हणजे नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. चांगली गोष्ट आहे, पण तो पैसा प्रोजेक्टचा असतो, प्रोजेक्ट संपला की पैसा संपतो. आमचा करार तीन वर्षांचा होता, तारीख पहिल्या पानावर लिहिलेली होती. आम्ही सात जण दर मीटिंगला त्याच प्रोजेक्टचे फोटो बघत होतो आणि त्यानंतर काय हा प्रश्न एकानंही विचारला नाही. करार संपला, चार महिने बालवाडीच्या बायांना पगार नाही. त्यातली एक बाई तरीही रोज वर्ग उघडत राहिली, मी भेटायला गेले तर म्हणाली, "मॅडम, बच्चे तो आएँगे ना।" मला त्या दिवशी तिच्याकडे बघवेना.

तिथून मी बोर्डाचं काम शिकायला लागले. पहिलं म्हणजे कागद. आपल्याकडे मध्यप्रदेशात बऱ्याचशा संस्था 1973 च्या सोसायटी कायद्याखाली असतात, दरवर्षी कार्यकारिणीची यादी रजिस्ट्रारकडे द्यायची, ऑडिट झालेले हिशेब द्यायचे, धारा 27-28 म्हणतात ते हेच. त्या यादीत तुमचं नाव असतं बायांनो! मग 12ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि 80जी (देणगी देणाऱ्याला सूट). आधी हे एकदा मिळालं की मिळालं, असं होतं, 2021 पासून मुदत आली, पाच वर्षांची, आणि जुन्या संस्थांनाही नव्यानं अर्ज करावे लागले. आता 5 कोटींच्या आत उत्पन्न असलेल्यांना 12ए दहा वर्षांसाठी मिळू शकतं, हा 2025 च्या बजेटमधला बदल आहे. देणगीदारांची माहिती 31 मेच्या आत भरायची. विदेशी पैसा असेल तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा कायदा, त्याचं तर 2020 नंतर सगळंच बदललं, पैसा घ्यायचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच, तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, ऑफिसखर्च 20 टक्क्यांच्या वर नाही. ही कामं सीए करतो, मान्य, पण सीएला तारीख कोण विचारणार? हे बोर्डानंच विचारायचं असतं.

दुसरं भाड्याचं. आमचं ऑफिस एका मेंबरच्या नात्यातल्या जागेत होतं. भाडं जास्त होतं असं नाही, पण ते कुणी ठरवलं, आजूबाजूला काय रेट आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त फायदा दिला तर संस्थेची टॅक्सची सूटच धोक्यात येते. मी विषय काढला तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली, दोन जणांना राग आला, एक जण पुढचे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी ठरलं की ज्याचा संबंध आहे त्यानं त्या विषयापुरतं बाहेर बसायचं, बाकीच्यांनी तीन जागांचे भाव बघून ठरवायचं. भाडं जवळपास तेवढंच राहिलं. पण आता ते कागदावर आहे, उद्या कुणी विचारलं तर दादांची मान खाली जाणार नाही.

हे सांगताना मला नेहमी आपल्या होळकरांची खासगी आठवते. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली, ती दौलतीच्या खजिन्यापासून वेगळी, आणि पुढे अहिल्याबाईंनी काशीपासून सगळीकडे मंदिरं, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीतून. राज्याचा पैसा वेगळा, आपला वेगळा. अहिल्याबाईंच्या नावानं इंदूरात आपण किती कार्यक्रम करतो, हार घालतो, मग ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामाला तो गेला का एवढं तरी आपल्या संस्थांमध्ये विचारू या ना. बालवाडीच्या पैशातून ऑफिसच्या गाडीचं पेट्रोल "तात्पुरतं" भरलं जातं ते मी डोळ्यांनी बघितलंय. हेतू वाईट नव्हता, पण परत भरायचं राहूनच गेलं.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. आम्ही सातही जण वस्तीबाहेरचे होतो. बँकवाले, प्रोफेसर, डॉक्टर, एक रिटायर्ड इंजिनिअर. मुलींच्या वर्गाची हजेरी कमी-जास्त व्हायची आणि आम्ही दोन वर्षं त्याचे ग्राफ बघून चर्चा करत होतो, पालकांमध्ये जागृती नाही, मुलींना गोडी नाही वगैरे. मग खूप वाद होऊन वस्तीतल्या एका आईला बोर्डावर घेतलं. पहिल्या दोन मीटिंगांना ती बोललीच नाही, कारण अर्धी मीटिंग इंग्रजीत आणि पडद्यावर, ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं. तिसऱ्या वेळी सगळं हिंदीत केलं आणि तिनं ग्राफ बघून सरळ सांगितलं, "नर्मदा का पानी एक दिन छोड़के आता है, जिस दिन पानी उस दिन लड़की घर पे।" दोन वर्षं आम्ही जे शोधत होतो ते एका वाक्यात. वर्गाची वेळ पाण्याच्या दिवशी संध्याकाळची केली, मुली यायला लागल्या.

काही लोक म्हणतात इतकं विचारलं की काम करणाऱ्याचा उत्साह जातो, बोर्डानं पाठीशी उभं राहावं. मला हे पटत नाही. पगार थांबले त्या चार महिन्यांत दादा एकटेच वस्तीत बायांना तोंड देत होते, आम्ही सहा जण घरी होतो. त्यांनीच नंतर मला सांगितलं, ताई तुम्ही आधी भांडला असतात तर बरं झालं असतं.

तर मैत्रिणी, तू जा, नक्की जा, तुझ्यासारखी माणसं हवीच आहेत. पण हो म्हणायच्या आधी तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि मिनिट्सचं रजिस्टर मागून घे आणि एकदा, कुणाला न सांगता नाही, सांगूनच, वस्तीत जाऊन बस.

आमच्याकडे सध्या दोन जागा रिकाम्या आहेत, एक वकील हवाय आणि कुणी तिशीच्या आतलं. मीटिंग दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी दहाला, मानधन काही नाही, कागद आठ दिवस आधी घरी येतात, रजिस्टर सहीला घरी येत नाही. जमत असेल तर मला मेसेज करा.