एलईडी लावला म्हणून तबेला सुरक्षित होत नाही

घोडेपालकांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: एलईडी आल्यापासून तबेल्यातली आगीची भीती संपली, घरातलीच वायर तिथे चालते. बोर्डावर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारी कळ, असली की शॉकची काळजी नको. घोड्याचा खूर शिंगासारखा, त्यातून करंट जातच नाही. आणि रात्रभर दिवा ठेवला तर घोडा निवांत राहतो. यातलं एलईडीचं विधान अर्धं खरं आहे. बाकीची मुक्या जनावराच्या जिवावर बेतणारी आहेत, म्हणून एकेकाला उत्तर देतो.

आधी खूर, कारण सगळ्यात घातक समज तोच आहे. कोरड्या खुराचं कवच वीज बऱ्यापैकी अडवतं, हे मान्य. पण ठाणावरच्या घोड्याचा खूर कोरडा असतो कधी? खाली मूत, धुण्याचं पाणी, भिजलेला भुसा, आणि खुरात खिळ्यांनी ठोकलेली लोखंडी नाल. आपण चप्पल-बूट घालून, दोन पाय जवळ ठेवून उभे असतो. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत मीटरभर तरी अंतर असतं. जमिनीत कुठे गळती झाली की या दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि करंट पुढच्या पायातून छातीमार्गे मागच्या पायात उतरतो. काळीज वाटेतच येतं. घोडा लोखंडी हौदात ओलं तोंड घालतो तेव्हाही हाच धोका असतो.

इंग्लंडमधल्या न्यूबरी रेसकोर्सवर 12 फेब्रुवारी 2011 रोजी हे जगाने पाहिलं. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये फिरवताना फेनिक्स टू आणि मार्चिंग साँग हे दोन घोडे कोसळले आणि गेले. हिरवळीखाली जुनी केबल होती, तिच्यातून वीज गळत होती. त्याच हिरवळीवर वावरणारी माणसं मात्र वाचली. माणसाला जेमतेम झिणझिण्या आणणारी गळती घोड्याला मारू शकते, हे यापेक्षा स्पष्ट काय सांगणार? म्हणून ‘मी हात लावून बघितला, काही होत नाही’ ही तपासणी तबेल्यात धरूच नये.

आता एमसीबी. ती वायर वाचवते. जनावर वाचवणं हे तिचं कामच नाही. ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट होऊन करंट प्रमाणाबाहेर वाढला तरच ती पडते, आणि गळतीत तेवढा करंट वाहणं अर्थिंगवर अवलंबून असतं. आपल्याकडे अर्थिंगची अवस्था काय असते ते बघा. माथेरानला मोटारींना बंदी, घोड्यावरच कितीतरी घरांची चूल चालते, आणि जमीन जांभ्या दगडाची. अशा दगडात ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडचा रोध 50 ओहम असणं काही विशेष नाही. समजा फेजची वायर सोलवटून लोखंडी खांबाला टेकली आणि तो खांब याच अर्थिंगला जोडलेला आहे. 230 भागिले 50, म्हणजे 4.6 अँपियर. सहा अँपियरची एमसीबी यावर पडत नाही. खांब, दावणीची कडी, गव्हाणीची पट्टी सगळ्यात वीज खेळत राहते, आणि बोर्डावर सगळं ठीक दिसतं.

इथे उपयोगी पडते ती 30 मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारी कळ. गेलेला आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती सेकंदाच्या आत सप्लाय तोडते, अर्थिंग 50 ओहमचं असलं तरीही. मात्र ओव्हरलोड तिला कळत नाही, म्हणून एमसीबी काढायची नाही, दोन्ही हव्यात. जोडीला हौद, कठडे, दारं, पत्र्याचे खांब हे सगळं लोखंड एकमेकांना आणि अर्थिंगला जोडून घ्या. बोर्ड तबेल्याच्या बाहेर, भिंतीच्या आडोशाला ठेवा. आग लागली तर सप्लाय तोडायला धुरात शिरावं लागता कामा नये.

एलईडीचं अर्धसत्य असं की जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा तो खूपच कमी तापतो. पण ठिणगी वायरीच्या जोडातही पडते. जुन्या तबेल्यातला जंक्शन बॉक्स उघडून बघा: कोळिष्टकात अडकलेला भुसा, सुटत आलेली चिकटपट्टी, आणि तिच्याखाली हिरवी पडलेली तांब्याची तार. मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा तांबं-पितळ खातात, जोड सैल होतो, तापतो. नऊ वॅटच्या बल्बाला ते निभावेलही. पण त्याच वायरीवर कोणीतरी पाणी तापवायचा रॉड लावतो किंवा कडबाकुट्टी जोडतो, आणि शेजारीच सुक्या गवताच्या पेंढ्या रचलेल्या असतात.

त्यामुळे घरातली उघडी वायर आणि उघडा होल्डर इथे चालत नाही. वायर जाड पाइपातून, घोड्याच्या दातांच्या आणि उंदरांच्या वाटेपासून दूर न्या. दिवा आयपी65 मार्काचा बंदिस्त घ्या. त्यातला 6 धुळीसाठी, 5 पाण्याच्या फवाऱ्यासाठी. तो घोड्याच्या डोक्यावर न लावता बोळाच्या बाजूला लावा, मागचे पाय टेकून उभा राहिला तरी पोचणार नाही इतका उंच, आणि वर जाळी. लाइटच्या सर्किटवर प्लग पॉइंट ठेवूच नका.

रात्रभर दिव्याची घोड्याला गरज नाही. त्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. उलट घोडीला रोज सुमारे 16 तास उजेड मिळत राहिला तर ती लवकर माजावर येते. स्टड फार्मवाले हे हिशेबाने घडवून आणतात. ज्याला तसं नको आहे त्याने रात्री दिवा बंदच करावा.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचे तंबू पडतात. अशा तात्पुरत्या ठिकाणी तर हा मेसेज सर्वांत धोक्याचा, कारण तिथे वायर गवतावरूनच ओढली जाते. तिथे बॅटरीवरचे कंदील वापरा. लाइट घ्यायचीच असेल तर आरसीसीबी लावलेला बोर्ड घरून घेऊन जा, वायर बांबूवरून वरून न्या, आणि घोडा बांधण्याआधी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघा. ती पडली नाही तर त्या बोर्डावर दिवा लावू नका.