असह्य गोड म्हणे!

‘बाळ असह्य गोड आहे’ हे वाक्य या आठवड्यात तिसऱ्यांदा वाचले आणि माझीच सहनशक्ती संपली. ‘सह्’ या संस्कृत धातूपासून सहन, सहिष्णू, दुःसह आणि असह्य हे शब्द आले. म्हणूनच दाढ असह्य दुखते, वैशाखातल्या दुपारी असह्य उकडते, कारण तिथे सोसण्याची सीमा खरोखरच ओलांडलेली असते. ‘अनबेअरेबली क्यूट’सारखे इंग्रजी शब्दशः मराठीत उतरवणाऱ्यांना मात्र ‘असह्य’ म्हणजे केवळ ‘खूप’ वाटते. (‘भयंकर सुंदर’ आपण केव्हाच पचवले, हे मान्य, पण त्या ‘भयंकर’मधली भीतीही तेव्हाच गेली.) अतिशय, विलक्षण, कमालीचे असे शब्द हाताशी असताना त्या बिचाऱ्या बाळाला असह्य का ठरवायचे? आणि उद्या खरोखरच दाढ ठणकू लागली, तर ही मंडळी दंतवैद्याला नेमके काय सांगणार आहेत?